लाईट हाय, उजेड नाई

जगात मराठी बोलणारी माणसं किती कोटी आहेत ते मला ठाऊक नाही, पण त्यांतला एकही माणूस मराठी बरोबर बोलत नाही असं छातीठोकपणे मानणारा एकच इसम मी पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. आमच्याकडे साडू म्हणत नाहीत, साडभाऊ म्हणतात; मी त्यांना आणि ते मला. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मुक्काम डोणगाव, व्यवसाय बिछायत केंद्र. म्हणजे लग्नकार्याला मंडप, गाद्या, खुर्च्या, मोठाली पातेली आणि मुख्य म्हणजे रोषणाई पुरवणं. शब्दांचा हा कडकपणा सगळ्याच शब्दांना लावला असता तर लोकांनी त्यांना पंडित तरी म्हटलं असतं. पण तसं नाही. भाजीला, पाहुण्याला, पुढाऱ्याला तुम्ही वाट्टेल ते म्हणा, साडभाऊंची हरकत नसते. फक्त उजेड देणाऱ्या वस्तूचं नाव चुकवायचं नाही. तिथं चुकलात की संपलात. मी चिखलीच्या शाळेत सगळी हयात भूगोल शिकवला, पृथ्वी सूर्याभोवती फिरवून फिरवून दमवली, पण साडभाऊंच्या घरात साधं 'दिवा लावा' म्हणताना माझी जीभ अजून चाचरते.

त्यांचं शास्त्र असं. वात असेल तो दिवा. वात नसेल तर तो दिवा नव्हे, मग तो कितीही का उजळेना. काचेच्या आत पेटते ती लाईट. खांबावरून येते ती तार म्हणजे लाईन. तारेतून येतो तो करंट. आणि या सगळ्या खटाटोपातून आपल्या पदरात जो पडतो, तो उजेड. ऐकायला सोपं वाटतं, पण आमच्या भागात वीज गेली की सगळा मुलूख एकमुखानं 'लाईन गेली' म्हणतो. त्यांच्या ओट्यासमोरून जाणारा एखादा शेजारी सहज बोलून जातो, "लाईन गेली वाटते, भाऊ." झालं! साडभाऊ खांबाकडे बोट दाखवतात. "कुठं गेली? हे काय लोंबून राह्यली. कोनं चोरून नेली असती तं गेली म्हनलं असतं." शेजारी म्हणतो, "तसं नाई हो, लाईट गेली." "लाईट बी तुह्या घरातच टांगेल हाय. करंट गेला." शेजारी आधी वैतागतो, मग गोंधळतो, आणि घराकडे वळताना न राहवून एकदा खांबावर नजर टाकून घेतो. 'प्रकाश' या शब्दाला तर त्यांच्या कोशात जागाच नाही. "प्रकाश म्हंजे आमचा चुलतभाऊ," ते सांगतात, "अन् त्याच्या भरोशावर आजलोक कोनाले काई दिसलं नाई."

या शास्त्राला एकदाच तडा गेला, तो मेणबत्तीमुळे. बुद्धपौर्णिमेला सासुरवाडीच्या विहारात आम्ही दोघं बसलो होतो. मला खोडी काढायची हुक्की आली. म्हटलं, "साडभाऊ, मेणबत्तीत वात असते, म्हणजे ती दिवा. मग नावात बत्ती कशी?" कारण बत्ती म्हणजे त्यांच्या लेखी फक्त गॅसबत्ती, पंप मारायची, वरातीत डोक्यावरून न्यायची.  वंदना झाली, खीर वाटून झाली, बायका घरी गेल्या, तरी हे मेणबत्तीकडे बघत बसलेले. शेवटी उठताना म्हणाले, "तिले आपून मेनदिवा म्हनत जाऊ." तेव्हापासून ते दुकानात जाऊन मेणदिवे मागतात आणि दुकानदार त्यांना रोज नवीनच काहीतरी काढून दाखवतो.

सगळ्यांत बिकट प्रकरण बॅटरीचं. आमच्याकडे टॉर्चला टॉर्च म्हणणारा माणूस पुण्याहून आला असं समजतात. आमची ती बॅटरी. पूर्वी यात काही घोटाळा नव्हता. मोबाईल आले आणि एकाच वस्तूच्या पोटातही बॅटरी, पाठीवरही बॅटरी असं होऊन बसलं. एकदा भर दुपारी त्यांच्या गोदामात, गाद्यांच्या थप्पीमागच्या अंधाऱ्या सांदीत, माझा चष्मा पडला. मी म्हणालो, "साडभाऊ, जरा माझ्या मोबाईलची बॅटरी लावा." ते मोबाईल घेऊन गेले ते परत येईनात. मी बाहेर आलो तर मोबाईल चार्जिंगला लावलेला आणि हे शेजारी चहा पीत बसलेले.

"अहो, बॅटरी लावा म्हणालो होतो ना?"

"लावली ना. पाव बी नव्हती राह्यली."

"ती नव्हे हो, उजेडाची!"

"मंग उजेड पाडा म्हनाचं."

"उजेड पाडा म्हटलं की टोमणा होतो!"

"टोमना तुमच्या पुस्तकात," ते बशीत चहा ओतत म्हणाले. "आमाले तं लोकं गाडीभाडं देऊन उजेड पाडालेच बोलवतात."

 मी तसाच चाचपडत पुन्हा गाद्यांमागे शिरलो. चष्मा सापडला, पण त्याच्यावर मीच बसलो होतो.

टोमणे त्यांना खरोखरच लागत नाहीत. आमच्या ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, मोठ्या फटकळ. गॅसबत्तीच्या जाळीला 'मेंटल' म्हणतात, त्यावरून ताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "दुकानातलं मेंटल एका लग्नात जळून जाते. आमच्या घरातलं चाळीस वर्सं झाले, काई होत नाई त्याले." एकदा कशावरून तरी भडकून त्या ओरडल्या, "जन्मभर काय दिवे लावले तुम्ही?" दुसरा नवरा असता तर जेवणावरून उठला असता. साडभाऊ घास हातात धरून विचारात पडले आणि मनापासून सांगू लागले, "पह्यले गॅसबत्ती होती. मंग ट्यूब आली. मंग हॅलोजन. मधात सिरीजच्या माळा निंगाल्या. पन तू दिवेच म्हनत असशील, तं दिवे फक्त उंद्रीले." ताईंनी कपाळावर हात मारला, आणि पोळी मात्र त्यांच्याच ताटात वाढली.

हे उंद्रीचं प्रकरण सांगायलाच हवं. तिथल्या एका घरी हळदीचा कार्यक्रम होता. नवरीच्या वडिलांनी फोनवर सांगितलं, "मंडपात चांगले शंभर दिवे लागले पाह्यजे." साडभाऊंचा धंद्याचा नियम असा, की गिऱ्हाईक बोलेल तेच द्यायचं, त्याच्या मनात काय आहे या भानगडीत पडायचं नाही, कारण शब्द चुकला की टेम्पोत माल चुकतो आणि टेम्पो काही शब्दासारखा मागे घेता येत नाही. तरी त्यांनी दोनदा विचारलं, "दिवेच ना?" तिकडून उत्तर आलं, "हाव, दिवेच." संध्याकाळी टेम्पोतून शंभर पणत्या, वातींचा पुडा आणि तेलाचा डबा उतरला. मी त्या दिवशी नेमका साडभाऊंबरोबर गेलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. ओळीनं पणत्या लागलेल्या बघून आलेल्या बायकांनी मंडपाच्या दाराशी चपला काढल्या. काहींनी हात जोडले. गाणं लावावं की आरती हे डीजेवाल्याला कळेना, म्हणून तो तासभर 'हॅलो, चेक' एवढंच म्हणत राहिला. नवरदेवाकडून आलेल्या एका म्हाताऱ्यानं माझ्या कानाला लागून विचारलं, "कोन गेलं हो घरातलं?" आणि नवरीचे वडील डोक्याला दोन्ही हात लावून ओरडत होते, "अहो भाऊ, दिवे म्हंजे लाईट हो, लाईट!" साडभाऊ एका पणतीची वात पुढे सारत शांतपणे म्हणाले, "मंग लाईट म्हनाचं ना. म्या दोनदा इचारलं." वारा सुटला की पन्नास विझायच्या, त्या लावेपर्यंत उरलेल्या पन्नास. नवरीची आजी मात्र हरखून गेली होती. पोरीच्या अंगावरची हळद अशी कधी उजळलीच नव्हती, असं ती सगळ्यांना सांगत सुटली. साडभाऊ हा किस्सा सांगतात तेव्हा फक्त आजीचं वाक्य सांगतात.

त्यापेक्षा अंगाशी आलं ते दिवट्याचं. गल्लीतल्या एका मुलाला चांगली नोकरी लागली, त्याचा सत्कार होता. मंडप साडभाऊंचाच, म्हणून त्यांनाही चार शब्द बोलायला उभं केलं. त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवून कौतुकानं सांगितलं, "हा आपल्या गल्लीचा दिवटा हाय."  मुलाचा बाप उठून उभा राहिला. "काऊन हो भाऊ? काय केलं आमच्या पोरानं?" आता दिवटा म्हणजे वाया गेलेला पोरगा हे शेंबड्या पोराला कळतं. साडभाऊंना ते मान्य नव्हतं. "दिवटी म्हंजे मशाल," त्यांनी माईकवरून समजावलं, "अन् दिवटा म्हंजे मोठी मशाल. सगळ्याइच्या पुढं राह्यते अन् मांगच्यांले वाट दिसते. याच्यात वाईट काय हाय?" अर्थ अगदी खरा होता. मी शाळामास्तर, मी उभं राहून दुजोरा द्यायला हवा होता. पण बापाचा चेहरा पाहून मी खुर्चीतल्या खुर्चीत बुटाची नाडी बांधू लागलो, आणि माझ्या पायात चपला होत्या.

अशा माणसानं दोन वर्षांपूर्वी एक नवीन टुमणं लावलं तेव्हा आम्हाला काडीचंही नवल वाटलं नाही. कुठंही गेले की ते वर बघायचे आणि म्हणायचे, "लाईट हाय, उजेड नाई." आधी हे फक्त एलईडी बल्बांबद्दल होतं. "पह्यलेच्या पिवळ्या बल्बात उजेड होता. याच्यात नुसती लाईट हाय." मी म्हणालो, वा, काय भेद काढलाय! मग ते ट्यूबबद्दल म्हणू लागले. मग गॅसबत्तीबद्दल. घरात त्यांनी दोनाचे चार आणि चाराचे आठ बल्ब केले. ताईंना डोळ्यांवर पदर ओढून भाकऱ्या थापाव्या लागत. वाक्य मात्र तेच. आम्ही त्याची म्हण करून टाकली. माझी बायको बेचव भाजीला म्हणायची, 'लाईट हाय, उजेड नाई.' मी नापास मुलांच्या वह्यांबद्दल तेच म्हणायचो. सगळे हसायचो, साडभाऊही हसायचे. आज ते आठवलं की माझी मलाच शरम वाटते.

गेल्या वर्षी मी डोणगावला गेलो असताना भर अकरा वाजता, ओट्यावर स्वच्छ ऊन असताना, त्यांनी मला पाणी दिलं. तांब्यातून धार लागली ती पेल्याच्या बोटभर बाहेर. मी पेला हलवला नव्हता. त्यांनी पुन्हा ओतलं, पुन्हा बाहेर. ताई दारात उभ्या होत्या. त्या नेहमीसारख्या काहीतरी बोलतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी फडकं आणून सांडलेलं पुसलं आणि मला आत बोलावून हळूच म्हणाल्या, "तुम्ही घेऊन जासान का यांले बुलढाण्याले? माह्यं ऐकत नाई ते."

बुलढाण्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या, शांत होत्या, आणि घाटाखालच्याही नव्हत्या आणि घाटावरच्याही, म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्याच नव्हत्या. त्यांची मराठी थेट पुस्तकातली. त्यांनी आम्हा दोघांनाही आधीच समजावून सांगितलं. मोतीबिंदू पिकून घट्ट झाला आहे. तो काढता येतो, पण आतला पडदा आणि नस शाबूत असतील तरच काढून उपयोग. अंधाऱ्या खोलीत एकेका डोळ्यावर चारी बाजूंनी बॅटरी मारून बघायची. कळलं तर ऑपरेशन, दिसण्याची आशा आहे. अजिबातच कळलं नाही तर मात्र ऑपरेशन करून काही हाती लागणार नाही. साडभाऊ म्हणाले, "बराबर." मी म्हणालो, "बरोबर." 

बाईंनी खोलीतला बल्ब बंद केला, साडभाऊंचा डावा डोळा झाकला आणि उजव्यावर बॅटरी धरली.

"काका, लाईट दिसते का?"

"नाई."

"आता?"

"नाई, बाई."

"या बाजूनं?"

"नाई ना. बंदच हाय."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग मला दाराशी बोलावून हळू आवाजात म्हणाल्या, "सॉरी हं. त्यांना काहीच कळत नाहीये."  ताईंना काय सांगायचं, हा एकच विचार डोक्यात घुमायला लागला, आणि तो घुमत असतानाच मला साडभाऊंचं शेवटचं वाक्य ऐकू आलं. बंदच हाय! काय बंद आहे?

"बाई, तुमचा शब्द चुकला," मी जवळजवळ ओरडलोच.

"काय?"

"लाईट म्हणजे त्यांच्या लेखी वर टांगलेला बल्ब. तो तुम्ही बंद केलाय. ते खरं तेच सांगताहेत!"

तपासायचं नक्की कुणाला आहे, असा प्रश्न पडल्यासारख्या बाई माझ्याकडे बघू लागल्या. "मग काय विचारू? टॉर्च?"

"टॉर्च नको. तो शब्द त्यांना चालत नाही."

"प्रकाश?"

"प्रकाश त्यांचा चुलतभाऊ आहे. उजेड विचारा, बाई. उजेड! आणि दिसतो का नको, कुठून येतो ते विचारा."

बाईंनी गोंधळत पुन्हा बॅटरी धरली. "काका, उजेड येतोय का?"

"येऊन राह्यला ना! केव्हाचा येऊन राह्यला."

"कुठून?"

"जेवत्या हाताकून."

बाईंनी बॅटरी वर नेली. "वरतून." खाली नेली. "खालतून." नाकाच्या बाजूनं धरली. "आता नाकाकून. काऊन हो बाई, एका जागी उभं नाई राहाता येत का तुमाले?" बाई हसल्या, मी हसलो, आणि हसता हसता मला रडू आलं ते अंधार असल्यामुळे कुणाला दिसलं नाही. बाईंनी कागदावरचं पहिलं लिहिलेलं खोडलं. एका शब्दापायी या माणसाचा डोळा जात होता आणि एका शब्दापायी तो परत आला. साडभाऊंचं सगळं वेड मला त्या क्षणी शहाणपण वाटलं.

मग डावा डोळा. आता भीती नव्हती. किल्ली सापडली होती. बाईंनी उजवा डोळा नीट झाकला आणि मी शिकवलेला प्रश्न तोंडपाठ विचारला, "काका, उजेड कुठून येतोय?"

साडभाऊंनी विचारलं, "लावली का बॅटरी?"

"लावलीय."

"नाई येत."

बाईंनी बॅटरी आणखी जवळ नेली. "आता?"

"नाई."

मला वाटलं, पुन्हा शब्दाचाच घोटाळा. असणारच. मी पुढे सरसावलो. "साडभाऊ, झोत येतो का?" "नाई." "तिरीप?" "नाई, भाऊ." "कवडसा? चमक? लखलख?" माझ्या प्रत्येक शब्दाला बाई बॅटरी एकेका बाजूला नेत होत्या, एखादा शब्द लागू पडेल असं त्यांनाही वाटायला लागलं असावं. मी बत्ती म्हणालो, मशाल म्हणालो, उन्हाचा पट्टा म्हणालो. शेवटी तर मी प्रकाश म्हणालो. ते चिडले नाहीत. नुसती मान हलवत राहिले.

"मग काका," बाईंनी अगदी हळू विचारलं, "अंधार दिसतो का?"

"अंधार पाहाले बी डोळा पाह्यजे, बाई," साडभाऊ म्हणाले. "तुमाले तुमच्या पाठीमांगचं काय दिसते? ना उजेड, ना अंधार. तसं हाय या बाजूनं."

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात झालं आणि उत्तम झालं. पट्टी काढल्यावर त्यांनी सगळ्यांत आधी ताईंकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, "तू तं म्हातारी झाली वं!" ताईंनी ते वाक्य साऱ्या डोणगावात आनंदानं सांगितलं. आता पेल्यात पाणी बरोबर पडतं. लग्नसराईत ते पुन्हा टेम्पोत पुढे बसून जातात. सगळं ठीक आहे म्हणायचं. पण मला अजून ती अंधारी खोली आठवते. बाईंनी बॅटरी बंद केली होती, तरी मी आणखी शब्द शोधत तिथंच उभा होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला जिवापासून वाटत होतं, की यांनी माझी चूक काढावी. साडभाऊंनी चाचपत माझा हात धरला आणि थोपटला.

"राहू द्या, साडभाऊ," ते म्हणाले. "शब्द बराबर हायेत तुमचे."